पहिली क्लासिक स्पोर्ट्स कार घेतली (एमजीबी जीटी, १९७३). मालकांच्या क्लबात जावं का?

वाटसरू_७३

नमस्कार मंडळी,

गाडी आली! १९७३ची एमजीबी जीटी, रंग हार्वेस्ट गोल्ड, पुढे-मागे क्रोमचे बंपर, तारांची चाकं. सध्या इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत आमच्या दारात उभी आहे.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडंसं. एमजी म्हणजे मूळचं ऑक्सफर्डचं मॉरिस गॅराजेस. एमजीबी १९६२ साली आली आणि ऑक्टोबर १९८०पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. तिची भावंडं (त्याच बॉडीवरच्या इतर एमजी) धरून पाच लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या. १९६५ साली वर पक्कं छप्पर आणि मागे उघडणारं दार असलेली जीटी आली. त्या छपराच्या आखणीत इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडर, वर जुळे एस.यू. कार्ब्युरेटर. पॉवर स्टिअरिंग नाही, कॉम्प्युटर नाही, थंडीत सुरू करायची तर चोक ओढायचा.

आमच्याकडे साताऱ्याला प्रीमियर पद्मिनी होती. बाबा रविवारी कार्ब्युरेटर उतरवून अंगणात वर्तमानपत्रावर मांडायचे आणि जेट फुंकून साफ करायला मला द्यायचे. इथे आल्यावर चांगल्या गाड्या चालवल्या, पण बोनेट उघडलं की आत सगळं प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. हात घालता येईल अशी गाडी हवी होती, ती आता मिळाली आहे.

प्रश्न असे आहेत. इथे दोन मोठ्या संस्था आहेत. एक एमजी कार क्लब, १९३०चा, कचेरी अॅबिंग्डनला जुन्या कारखान्याच्या जागेला लागूनच, किंबर हाउसमध्ये. दुसरा एमजी ओनर्स क्लब, १९७३चा. पैकी कुठे जावं? आणि जाऊन नक्की काय होतं? जवळच्या गटाची महिन्यातून एकदा पबमध्ये बैठक असते, तिला ते ‘नॅटर’ म्हणतात. फोटो पाहिले तर बहुतेक मंडळी सत्तरीची, गाडी चाळीस-चाळीस वर्षं सांभाळणारी. मी दारू घेत नाही, आणि त्यांच्यापुढे मला यातलं काहीच येत नाही. तरी जावं का?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

रानजाई

अभिनंदन! हार्वेस्ट गोल्ड म्हणजे त्या काळाचा खास रंग. फोटो टाका ना. माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे, म्हणजे एमजीच्याच धाकट्या मिजेटची प्रतिस्पर्धी, आणि ती बनली तुमच्याच कॉव्हेंट्रीत, कॅनलीला. निवांत वेळ मिळाला की लिहिते. तोवर एवढंच, की नक्की जा.

घिसाडी

वाटसरू, मनापासून अभिनंदन. माझ्याकडे १९६९ची रोडस्टर, म्हणजे उघडणाऱ्या छपराची एमजीबी, आहे, बरीच वर्षं. सल्ला एकच देतो, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं: एकही पार्ट मागवायच्या आधी क्लबात जा.

नवीन मालकाचा पहिला महिना कसा जातो ते मी अनेकांचं पाहिलंय. गाडी आली की कॅटलॉग चाळायचा. लाकडी स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवीन क्रोम, कार्पेटचा सेट. एमजीबीचे पार्ट इतके सहज मिळतात की खिसा कधी रिकामा झाला ते समजत नाही. आणि ज्या जागी पैसा जायला हवा ती जागा खाली, नजरेआड असते.

ती जागा म्हणजे सिल, दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पोकळ पत्र्याचा पट्टा. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळी ताकद बॉडीच्या पत्र्यात आहे आणि त्यातही सिलमध्ये. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालून कॅसल रेल, अशी ती रचना. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसेपर्यंत मधला पडदा निम्मा गेलेला असतो. मग काही गॅरेजवाले जुन्या कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवून, लांबी मारून, रंग देऊन मोकळे होतात. गाडी झकास दिसते आणि जॅक लावला की दार लागेनासं होतं.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्याच नॅटरला एक आजोबा आले, माझ्या गाडीशेजारी गुडघ्याखाली पोतं टाकून बसले आणि तळहात सिलच्या खालून फिरवत गेले. मग माझा हात धरून तिथे नेला. कॅसल रेलला किल्ल्याच्या तटाला असतात तशा चऱ्या आहेत, उंचवटा-खाच, उंचवटा-खाच. त्या खाचांतून आतलं पाणी बाहेर पडतं. बोटांना त्या सबंध लांबीभर लागल्या पाहिजेत. माझ्या गाडीला डाव्या बाजूला दाराच्या मध्यापर्यंत लागत होत्या, पुढे सपाट. कुणीतरी पट्टी मारून बुजवलं होतं. मग त्यांनी जॅक लावायला सांगितलं आणि दार व मागचा पत्रा यांच्यातल्या फटीकडे बोट दाखवलं. गाडी वर जाऊ लागली तशी ती फट वरच्या टोकाला मिटत गेली. समजवायला एक शब्दही लागला नाही.

आता दोन क्लबांबद्दल. कार क्लब जुना. त्यात गाडीच्या प्रकारानुसार गट आहेत, त्यांना रजिस्टर म्हणतात, आणि विभागानुसार सेंटर. इतिहास, स्पर्धा, मूळ रूप यांत रस असेल तर तिथे जीव रमतो. ‘सेफ्टी फास्ट’ हे त्यांचं मासिक. ओनर्स क्लब निघाला तोच एमजीबी रोज चालवणाऱ्यांच्या सोयीसाठी: तांत्रिक मदत, विमा, पार्ट. मी दोन्हीकडे आहे. पण खरं सांगू का, क्लब कुठला याहून तुमच्या भागातली माणसं कशी आहेत ते महत्त्वाचं. दोन्हीच्या स्थानिक बैठकीला एकदा जाऊन या आणि जिथे कुणी तुमच्या गाडीखाली वाकून बघेल तिथे वर्गणी भरा.

दारूचं मनातून काढून टाका. तिथे अर्धी मंडळी गाडी चालवत आलेली असतात, चहा-कॉफीच घेतात.

पेठेतला

थोडं वेगळं मत मांडतो. माझ्याकडे १९९१ची माझदा एमएक्स-५ आहे. कुठल्याही क्लबाला वर्गणी न भरता गाडी उत्तम ठेवली आहे. काय बिघडलं ते शोधलं की त्यावर डझनभर व्हिडिओ मिळतात, थांबवून पुन्हा बघता येतात. पार्ट विकणारे क्लबचं सदस्यत्व विचारत नाहीत. मासिक आणि काचेवरचा स्टिकर एवढ्यासाठी दरवर्षी पैसे कशाला? शिवाय जुन्या मंडळींचा एक हट्ट असतो, सगळं कारखान्यातून निघालं तसंच हवं. रोज चालवायची तर रेडिएटरला विजेचा पंखा, एलईडी दिवे, चांगले सीट बेल्ट लावावेच लागतात. तिथे जाऊन वाद कोण घालणार?

घिसाडी

पेठेतले, एमएक्स-५बद्दल तुमचं बरोबर असेल. १९८९ला आलेली गाडी, जपानी बांधणी, एकीसारखी दुसरी. एमजीबीचं तसं नाही. अठरा वर्षं बनत होती आणि दरवर्षी काहीतरी बदललं. इंजिनाचा क्रँक आधी तीन बेअरिंगांवर होता, १९६४पासून पाचांवर. १९६७पर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, नंतर निगेटिव्ह. १९७४पर्यंत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पुढे बारा व्होल्टची एक. आणि त्यावर पन्नास-साठ वर्षांत दहा मालकांनी दहा तऱ्हा केलेल्या. व्हिडिओत दिसते ती दुसऱ्याची गाडी असते. तुमच्या गाडीत काय आहे ते बघायला कुणीतरी समोर उभं असावं लागतं.

हट्टाबद्दल. असे लोक आहेत, नाकारत नाही. पण माझ्या अनुभवात तेच लोक सर्वांत आधी हॅलोजन दिवे आणि विजेचा पंखा लावायला सांगतात, कारण त्यांना गाडी रस्त्यावर बघायची असते. त्यांचा आग्रह एवढाच, की जे काढाल ते फेकू नका, खोक्यात घालून चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या मालकाला लागेल. मला ही गोष्ट फार पटते. गाडी आपल्याआधी होती आणि आपल्यानंतर राहणार आहे.

ओहायोकर

+१ घिसाडी.

अमेरिकेतून लिहितोय. बनलेल्या एमजीबीपैकी अर्ध्याहून जास्त या देशात आल्या, त्यामुळे इथेही माणसांची कमी नाही. नॉर्थ अमेरिकन एमजीबी रजिस्टर आहे, राज्याराज्यांत छोटे गट आहेत.

माझी १९७५ची रोडस्टर, काळ्या रबरी बंपरची. इथल्या धडकेच्या आणि धुराच्या नियमांसाठी कंपनीने १९७४च्या अखेरीस ते बंपर बसवले, गाडी जवळपास इंचभर उचलली आणि इथल्या बाजारासाठी जुळ्या एस.यू.ऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर दिला. त्यातच रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) काढला, तो १९७७च्या मॉडेलात परत आला. वळणावर माझी गाडी झोकांड्या खायची. मला वाटायचं स्प्रिंग गेल्या. गटातल्या एका बाईंनी नुसतं साल विचारलं आणि सांगितलं, तुझ्या गाडीला बारच नाही, आधी तो बसव. त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुना पडला होता तो दिला आणि शनिवारी दुपारी चौघांनी मिळून बसवला. पैसे घेतले नाहीत. जेवायला मात्र सगळे आमच्याकडे आले. बायकोने मिसळ केली होती. आता बैठक आमच्याकडे असली की मिसळच हवी असते त्यांना.

वाटसरू_७३

सगळ्यांचे आभार. घिसाडी, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि आधी सिलखाली हात घातला. उजवीकडे चऱ्या सबंध लागतात. डावीकडेही लागतात, पण मागच्या चाकाजवळ वीतभर जागा खडबडीत आहे. तज्ज्ञाला दाखवतो.

आणखी थोडे प्रश्न. कागदपत्रांच्या जाडजूड फाइलमध्ये जुनी बिलं आहेत, पण गाडीचा मूळ रंग हाच होता का ते कळत नाही. एम.ओ.टी. ही वार्षिक तपासणी लागत नाही म्हणतात, ते खरं का? आणि पेट्रोल कुठलं घालायचं?

घिसाडी

मूळ रंग: वॉरिकशायरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. कारखान्याच्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत. चासी नंबर कळवून शुल्क भरलं की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात गाडी कधी बनली, रंग कोणता, कुठल्या बाजारासाठी पाठवली, कारखान्यातून काय काय बसवून निघाली हे येतं. तुमचा नंबर जी-एच-डी-५ने सुरू होत असला पाहिजे. डीच्या जागी एन असेल तर ती रोडस्टर. ही खूण माहीत असलेली बरी, कधी कधी एका गाडीची प्लेट दुसरीला लागलेली सापडते.

एम.ओ.टी.: चाळीस वर्षांवरच्या गाडीला, गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार झाले नसतील तर, मे २०१८पासून ती सक्तीची नाही. रोड टॅक्सही नाही, पण ऐतिहासिक वर्गात नोंद करून घ्यावी लागते. आणि तपासणी माफ असली तरी गाडी सुरक्षित ठेवायची जबाबदारी तुमचीच. मी दरवर्षी स्वतःहून तपासून घेतो आणि तुम्हीही घ्या असा माझा आग्रह आहे. ब्रेकचे होस (रबरी नळ्या) आतून फुगतात ते आपल्याला दिसत नाही.

पेट्रोल: सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, तडकतात. पंपावर महागडं सुपर मिळतं ते ई-५, ते घाला आणि तरीही नळ्या नवीन इथेनॉल चालणाऱ्या टाकून घ्या. शिशाचं पेट्रोल २०००च्या सुरुवातीला बंद झालं; ते शिसं व्हॉल्व्ह सीट झिजू देत नसे, तेव्हा इंजिनाच्या हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का ते फाइलीतल्या बिलांत शोधा. नसतील तर पेट्रोलमध्ये मिसळायचं औषध मिळतं, त्यावर चालतं.

धाकटा_पाना

वाचतोय. भारी धागा. विम्याचं कुणी सांगेल का? मीही शोधात आहे.

रानजाई

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. साध्या विम्यात अपघात झाला की कंपनी ‘बाजारभाव’ काढते आणि पन्नास वर्षांच्या गाडीचा बाजारभाव त्यांच्या हिशेबाने काहीही असू शकतो. ठरलेल्या किमतीच्या विम्यात आधीच फोटो आणि मूल्यांकन देऊन आकडा नक्की होतो. मूल्यांकन करून द्यायला क्लबात माणसं असतात, आणि सदस्य असलं की अनेक कंपन्या हप्त्यात सूट देतात. वर्षाला किती मैल चालवणार ते मर्यादित ठेवलं तर हप्ता आणखी उतरतो.

आता माझं. मी लेस्टरला राहते. ट्रायम्फ स्पिटफायर १५००. क्लब ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब, त्यांचं मुख्य ठिकाण लेस्टरशायरमध्येच, लुबनमला. गाडी माझी, नवऱ्याला तिच्यात बसायला आवडतं, चालवायला नाही. सुरुवातीला प्रदर्शनांत लोक यायचे आणि प्रश्न त्यालाच विचारायचे, इंजिन कुठलं, ओव्हरड्राइव्ह आहे का. तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मला त्याचा त्रास व्हायचा, खोटं कशाला सांगू.

क्लबात मात्र पहिल्याच बैठकीत एका आजींनी मला बाजूला घेतलं. त्यांनी तरुणपणापासून ट्रायम्फचीच हेरल्ड चालवलेली. म्हणाल्या, ट्रनियनला तेल कधी दिलं होतंस? मला ट्रनियन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पुढच्या चाकाला धरणारी उभी दांडी खाली एका पितळी तुकड्यात आट्यांनी फिरते, तो ट्रनियन. स्टिअरिंग वळवलं की चाक त्या आट्यांवर वळतं. त्याला ग्रीस नाही, ईपी-९० गिअर तेल द्यायचं. ग्रीस घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी साचतं, दांडी आतून गंजते आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडते. चाक आडवं होतं. त्यांनी माझ्या हातात तेलाची गन दिली आणि समोर बसून करून घेतलं. जुनं काळं तेल बाहेर यायला लागलं की थांब, म्हणाल्या.

म्हणून वाटसरू, ‘मला यातलं काही येत नाही’ हे मनात ठेवून जाऊ नका. शिकवायला कुणीतरी मिळावं म्हणून ती माणसं वाट बघत असतात. त्यांची मुलं-नातवंडं बहुतेक या वाटेला गेलेली नाहीत. त्यांच्या हातात जे आहे ते घ्यायला आपण गेलं पाहिजे, आणि लवकर गेलं पाहिजे. गेल्या हिवाळ्यात त्या आजी गेल्या. त्यांची हेरल्ड क्लबातल्याच एका पंचविशीतल्या मुलीने घेतली.

एप्रिलमध्ये ‘ड्राइव्ह इट डे’ असतो. १९०० सालच्या हजार मैलांच्या चाचणी-सफरीची आठवण म्हणून देशभर जुन्या गाड्या त्या रविवारी रस्त्यावर येतात. सामील व्हा. गावोगावी लोक फाटकाशी उभे राहून हात करतात, फार छान वाटतं.

सांडशी

रानजाईताई, तुमचा ट्रनियनचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो.

मी पुण्याचा. माझ्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासला बनलेली, आजोबांनी नवी घेतलेली. स्पोर्ट्स कार नव्हे, पण तुमच्या स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण. स्पिटफायरची चासी म्हणजे हेरल्डचीच आखूड केलेली, दोन्हींची आखणी इटलीच्या मिकेलोतीची. पुढचं सस्पेन्शन तेच.

इथे झालं असं, की एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा त्यांनी सगळीकडे गन लावून ग्रीस भरलं, ट्रनियनलाही. त्यांचा हेतू चांगलाच होता, बाकी सगळ्या जुन्या गाड्यांना ग्रीसच लागतं. आता स्टिअरिंग जड झालंय आणि डावीकडे वळवताना करकरतं. मेकॅनिक म्हणतो स्टिअरिंगचा रॅक बदला. तुमचं वाचून वाटतंय की दुखणं खाली आहे.

इथल्या परिस्थितीबद्दलही लिहितो, कुणाला उपयोग होईल. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, पुण्यातही हौशी मंडळी जमतात. २०२१च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. नंबरात ‘व्हीए’ येतं, शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. मी अजून ठरवलेलं नाही. मला ती रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तरी न्यायचीच असते.

माणसं आहेत, पार्ट नाहीत, ही आमची अडचण. स्टँडर्ड बंद होऊन जमाना झाला. जुन्या बाजारात जे सापडतं ते माझ्या गाडीपेक्षा झिजलेलं.

रानजाई

सांडशीदादा, रॅक अजिबात बदलू नका! आधी गाडी जॅकवर घ्या, पुढची दोन्ही चाकं अधांतरी करा, रॅकपासून चाकांकडे जाणारे टाय रॉड सोडा आणि चाक हाताने दोन्हीकडे वळवून बघा. तरी जड असेल तर दुखणं ट्रनियनमध्येच. निपल (तेल भरायचं तोंड) काढा, आतलं ग्रीस जेवढं निघेल तेवढं काढा, गरम करून पातळ केलेलं ईपी-९० भरा, पुन्हा भरा. पण करकर येत असेल तर दांडीचे आटे बघितल्याशिवाय गाडी चालवू नका. सिंहगड थांबेल. उभी दांडी काढून आट्यांच्या वरच्या टोकाशी गंजाचा खड्डा दिसतो का ते बघायचं. खड्डा असेल तर ती दांडी बाद.

घिसाडी

वाटसरू, याच्याशी गोंधळ करू नका. एमजीबीला ग्रीसच. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना दर बाजूला तीन निपल, दर तीन हजार मैलांनी. चाकं जमिनीवरून उचलून भरा, वजन टेकलेलं असलं की ग्रीस हवं तिथे पोचत नाही. आणखी एक निपल हँडब्रेकच्या केबलवर असतं, त्याचा सगळ्यांना विसर पडतो.

वाटसरू_७३

काल नॅटरला जाऊन आलो. कार क्लबाच्या स्थानिक गटाकडे गेलो होतो.

पार्किंगमध्ये गाडी लावून उतरतोय तोवर तिघे जण टॉर्च घेऊन आले. डावीकडची खडबडीत जागा दोघांनी चाचपली, एकाने छोट्या हातोडीने टकटक केलं. निदान असं: पत्रा शाबूत आहे, वरचं जुनं अंडरसील (गंज रोखणारा लेप) सुटलंय, तिथे गंज नुकता धरतोय. खरवडून, गंजरोधक लावून, आत मेण फवारायचं. वेल्डिंग नको. ऐकून इतका हलका झालो.

मग एकाने मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि बाकी दोघांनी गाडी पुढे-मागे ढकलली. मागच्या उजव्या चाकातून ‘टक्’. पुन्हा ढकलली, पुन्हा ‘टक्’. तारांचं चाक हबवर ज्या दातांनी बसतं ते दात झिजले आहेत. चाक काढून दाखवलं: हबचे दात टोकाला सुरीसारखे धारदार झालेले. ते सपाट माथ्याचे असायला हवेत. नवीन हब लागेल, आणि हब बदलताना चाकही तपासायचं, कारण झिजलेलं चाक नव्या हबलाही खातं. विकत घेताना मी ज्यांच्याकडून तपासून घेतलं होतं त्यांनी याचा उल्लेखही केला नव्हता.

गप्पा सुरू झाल्यावर मला बोलायला विषय शोधावा लागला नाही. बाबांच्या पद्मिनीबद्दल, फियाट मुंबईत कशी बनायची, टॅक्सी म्हणून किती वर्षं चालली, याबद्दल त्यांनीच खोदून खोदून विचारलं. एकाने अॅबिंग्डनला कारखान्यात उमेदवारी केलेली. १९८०ला दारं बंद झाली तेव्हाचं ते बोलत होते, मी नुसता ऐकत होतो. पुढच्या महिन्यात त्यांच्याच गॅरेजमध्ये हब बदलायचा आहे. काम मी करायचं, ते खुर्ची टाकून बसणार, असं ठरलंय. वर्गणी तिथेच भरली.

पेठेतला

वाटसरू, ते टक् आवाजाचं मला व्हिडिओवरून कधीच कळलं नसतं, हे मान्य. आमच्या इथे एमएक्स-५वाल्यांचा गट आहे, पुढच्या रविवारी जाऊन बघतो.

सांडशी

रानजाईताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. टाय रॉड सोडल्यावर उजवं चाक सहज फिरतं, डावं दोन्ही हातांनी ओढावं लागतं. दांडी काढली. वरच्या दोन आट्यांत गंज आहे, नखाला खड्डा लागतो. म्हणजे रॅक निर्दोष. तुमचे फार आभार, मेकॅनिकलाही दाखवलं, त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतले.

आता डावी दांडी आणि ट्रनियन कुठून मिळेल?

रानजाई

क्लबात विचारलं. मिळतंय, नवीन. पण ऐका, डावं-उजवं वेगळं असतं, आटे उलट दिशेचे. चुकीचं बसवायचा प्रयत्न करू नका. आणि एका बाजूची दांडी गेली असेल तर दुसरी तिच्याच वयाची आहे, तीही ग्रीसमध्येच राहिलेली. दोन्ही बदला. मी दोन्ही बाजूंचे सेट, बुश आणि सीलसकट मागवते. दिवाळीत पुण्याला येतेय, सासर कोथरूडला आहे. सामानात घालून आणते, फक्त वजन आधी बघू द्या. दांड्यांवरचे पार्ट नंबर साफ करून फोटो पाठवा आणि तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सांडशी

व्यनि केला आहे. उजवीकडचा नंबर नीट दिसत नाही, रॉकेल लावून ठेवलंय, उद्या सकाळी पुन्हा फोटो टाकतो.